एक दिवस महाडचा : पाणी, घास आणि इतिहास (क्षेत्रभेट, इयत्ता चौथी व पाचवी)



क्षेत्रभेट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? बस ठरवायची, लांबचं एखादं ठिकाण गाठायचं, फोटो काढायचे आणि दुसऱ्या दिवशी मुलांना 'आमची सहल' हा निबंध लिहायला सांगायचा. मीसुद्धा पहिली काही वर्षं हेच केलं. आमची शाळा वीर परिसरातली. महाड आमच्यापासून अर्ध्या तासाच्या आत, तरीही महाडची सहल काढावी असं कधी सुचलं नाही. "तिथं तर आम्ही बाजाराला जातोच की," असं मुलंही म्हणायची आणि पालकही.

पण एकदा वर्गात एक प्रसंग घडला आणि हा उपक्रम सुरू झाला. चवदार तळ्याचा सत्याग्रह मी दोन वाक्यांत उरकत होते. तेवढ्यात पाचवीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, तळं गावाचंच होतं ना? मग पाणी प्यायला सत्याग्रह कशाला?" खरं सांगते, मी उत्तर टाळलं. "ते मोठं झाल्यावर कळेल," म्हणाले आणि पुढचा मुद्दा घेतला. वर्गात सगळ्या समाजांची मुलं बसलेली असतात, कुणाला वाईट वाटेल, कुणाचे पालक शाळेत येतील, ही भीती. तुमच्यापैकी अनेकांनी असं कधी ना कधी केलं असेल. त्या मुलीचा प्रश्न मात्र मनातून गेला नाही. उत्तर द्यायचं तर तळ्याच्या काठावर उभं राहूनच द्यावं, असं ठरवलं.

त्यातून 'एक दिवस महाडचा' तयार झाला. सूत्र अगदी सोपं आहे. गावाचा इतिहास शोधायचा तर दोन प्रश्न विचारायचे. इथले लोक पाणी कुठलं पीत होते? आणि जेवत काय होते, कुणाबरोबर? राजे, तह, सनावळ्या या दोन प्रश्नांच्या मागोमाग आपोआप येतात आणि मुलांच्या लक्षातही राहतात.

कधी जावं?

पावसाळ्यात अजिबात नको. डिसेंबरचा शेवट ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. ऊन बेताचं असतं आणि शेतात वालाच्या शेंगा भरलेल्या असतात. त्या शेंगांचं काम संध्याकाळी आहे, ते पुढे सांगते.

रायगड किल्ला याच दिवसात बसवू नका. चौथीच्या 'शिवछत्रपती' पुस्तकामुळे मुलं हट्ट धरतात, पण रायगडाला स्वतंत्र पूर्ण दिवस हवा. घाईत दोन्हीकडचं काहीच नीट बघून होत नाही.

सुरुवात वीर स्टेशनपासून

आम्ही मुलांना सकाळी स्टेशनजवळ जमवतो. कोकण रेल्वेची गाडी उत्तरेकडून प्रथम वीरपर्यंत आली ती १९९३ साली. पुढे खेड, चिपळूण, रत्नागिरी असं करत संपूर्ण मार्ग १९९८ मध्ये सुरू झाला. म्हणजे काही काळ रोह्याकडून येणाऱ्या गाडीचं शेवटचं स्टेशन आपलं वीर होतं! हे ऐकल्यावर मुलांच्या माना जरा ताठ होतात.

इथे एक प्रश्न विचारा : "रेल्वे नव्हती, डांबरी रस्ता नव्हता, तेव्हा महाडला माल कसा यायचा?" उत्तर आहे सावित्री नदी. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते आणि बाणकोटजवळ समुद्राला मिळते. महाडला तिला गांधारी नदी मिळते. भरतीचं पाणी खाडीतून आत चढायचं आणि त्या पाण्यावर होड्या महाडपर्यंत यायच्या. घाटावरून बैलांच्या पाठीवर आलेला माल इथे होडीत चढायचा. घाट आणि समुद्र यांच्या मधलं हे बंदर, म्हणून महाडला बाजारपेठ झाली.

पहिला थांबा : गांधारपाले लेणी

वीरहून महाडकडे जाताना महाडच्या अलीकडे, महामार्गालगतच्या डोंगरात ही बौद्ध लेणी आहेत. संख्या तीसच्या आसपास. पायऱ्या चढून जावं लागतं, म्हणून हा थांबा सकाळीच घ्या.

वर पोहोचल्यावर लगेच माहिती सांगू नका. मुलांना गटागटाने फिरू द्या आणि एकच काम द्या : "इथे राहणारे लोक पाणी कुठून आणत असतील, ते शोधा." आमची मुलं पाच-दहा मिनिटांत ओरडत आली, "बाई, इथं टाकी खोदलीय!" खडकात खोदलेल्या या टाक्यांना पोढी म्हणतात. पावसाचं पाणी त्यांत साठायचं. भिक्खूंचा पावसाळ्यातला मुक्काम आणि वाटेने जाणाऱ्या व्यापाऱ्यांची तहान, दोन्हींची सोय त्यातून व्हायची.

इथल्या एका ब्राह्मी लेखात कुमार काणभोज विष्णुपालित याने दिलेल्या दानाची नोंद आहे : लेणं, चैत्यगृह, आठ खोल्या आणि लेण्याच्या दोन्ही बाजूंना एक एक, अशी पाण्याची दोन टाकी. राजकुमाराच्या दानाच्या यादीत पाण्याची टाकी मोजून लिहिलेली आहेत, हे मुलांना आवर्जून दाखवा. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी या परिसरात पाण्याची सोय करणं ही दगडात कोरून ठेवण्याजोगी गोष्ट होती. हे वाक्य मी मुलांच्या वहीत लिहून घेते, कारण दुपारी तळ्यावर त्याचा उपयोग होतो.

(सूचना : टाक्यांतलं पाणी मुलांना पिऊ देऊ नका. काठाशी एक मोठं माणूस उभं ठेवा.)

दुसरा थांबा : महाडची बाजारपेठ

इथे खरी मजा. प्रत्येक गटाला एक यादी द्या आणि दुकानदारांशी बोलायला लावा. खरेदी थोडीच करायची, प्रश्न मात्र भरपूर विचारायचे.

१) कडवे वाल : रायगड जिल्ह्याची ओळख. भात कापून झालं की शेतात जी ओल उरते, तिच्यावरच वाल येतो, वेगळं पाणी द्यावं लागत नाही. मोड आणून, सोलून केलेलं बिरडं मुलं आवडीने खातात, पण एक वाटी वाल सोलायला किती वेळ लागतो ते त्यांना माहीत नसतं. घरी आईबरोबर वाल सोलून वेळ मोजायला सांगा.

२) तांदूळ आणि नाचणी : सपाटीच्या शेतात भात, डोंगरउतारावर नाचणी. घरात तांदळाची भाकरी होते की नाचणीची, हे शेत कुठे आहे यावर ठरायचं. ताट बघून जमीन ओळखता येते ती अशी.

३) सुकी मासळी : सुकट, बोंबील, जवळा. खाडी आणि समुद्र जवळ, पण पावसाळ्यात मासेमारी बंद. म्हणून उन्हाळ्यात वाळवून ठेवायचं. फ्रीज नसलेल्या काळातलं हे अन्न टिकवण्याचं तंत्र आहे.

४) आमसूल : कोकमाची वाळवलेली सालं. आमटीला आंबटपणा येतो, उन्हाळ्यात सरबत होतं.

बाजारात आणखी एक काम आहे. एखाद्या जुन्या दुकानदारांना नम्रपणे विचारा, "काका, पुराचं पाणी कुठपर्यंत आलं होतं?" जुलै २०२१ च्या पुराची खूण ते हाताने भिंतीवर दाखवतात. मुलं आपली उंची त्या खुणेशी लावून बघतात आणि गप्प होतात. ज्या नदीने बाजार आणला तीच नदी बाजारात शिरते. वरून घाटाचं पाणी आणि खालून भरती एका वेळी आली की पाणी उतरायला वेळ लागतो. भूगोलाचा हा धडा फळ्यावर इतका स्पष्ट शिकवता येत नाही.

मधला उपक्रम : डब्याची कालरेषा

बाजारातून निघायच्या आधी एक खेळ घ्या. प्रत्येक मुलाने आपल्या डब्यातल्या पदार्थाचे घटक लिहायचे. मग विचारा : "गांधारपाले लेणी खोदली गेली तेव्हा यातलं काय काय इथे मिळत असेल?"

तांदूळ, तीळ, मिरी, फणस, नारळ हे सगळं होतं. नाचणी मूळ आफ्रिकेची, पण तीसुद्धा त्याच्या फार आधी आपल्याकडे रुजलेली. आता धक्का द्या. मिरची नव्हती! बटाटा, टोमॅटो, शेंगदाणे, मका, काजू, पेरू, पपई यांपैकी काहीच नव्हतं. ही सगळी अमेरिका खंडातली पिकं. कोलंबसाच्या १४९२ च्या प्रवासानंतर ती जगभर पसरली आणि आपल्याकडे पोर्तुगीजांच्या जहाजांतून आली. युरोपातला हंगेरी देश आज लाल मिरचीच्या पुडीसाठी, म्हणजे पाप्रिकासाठी ओळखला जातो. तिथेही मिरची अशीच बाहेरून आलेली.

एका मुलाने विचारलं, "मग बाई, तेव्हा तिखट कसं करायचे?" "मिरी आणि आलं," मी म्हणाले. "म्हणजे आपला वडापाव अजिबात जुना नाही?" नाही रे बाबा. बटाटा अमेरिकेचा, पाव पोर्तुगीजांकडून आलेला, मिरची बाहेरची. तरी वडापाव आपलाच. यातून मुलांना एक गोष्ट न सांगता कळते : 'आमचं अन्न' आणि 'त्यांचं अन्न' अशी पक्की भिंत कधी नव्हतीच.

तिसरा थांबा : चवदार तळं

हा दिवसाचा गाभा. इथे पोहोचण्याआधी शिक्षकांनी स्वतः तयारी करावी. घडलेलं जसंच्या तसं, शांतपणे, वय बघून सांगावं. मी असं सांगते :

"४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे मंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या लोकांनाही खुल्या असतील, असा तो ठराव. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचं जाहीर केलं. कागदावर तळं खुलं झालं, पण प्रत्यक्षात कुणी पाणी घेऊ शकत नव्हतं.

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. हजारो माणसं गावोगावहून आली. परिषदेच्या जागी त्यांना पाणी मिळेना, म्हणून चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. २० मार्चला सगळे रांगेने, शिस्तीत या तळ्यावर आले. बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतलं. मग इतरांनी घेतलं.

त्यानंतर गावात अफवा पसरली की ही माणसं आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. जमावाने हल्ला केला. परतण्यापूर्वी मंडपात लोक जेवत होते. ते अन्न मातीत मिसळलं गेलं, माणसांना मारहाण झाली. बाबासाहेबांनी आपल्या लोकांना शांत राहायला सांगितलं आणि ते शांत राहिले."

इथे मी थांबते. मुलांना पाण्याकडे बघू देते. नंतर पुढचं सांगते : तळं 'बाटलं' म्हणून त्याचं शुद्धीकरण केलं गेलं. प्रकरण कोर्टात गेलं. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तळं सर्वांना खुलं असल्याचा निकाल कायम ठेवला. एका ओंजळीसाठी दहा वर्षं लागली.

हेही आवर्जून सांगा की या लढ्यात सगळ्या समाजांतली माणसं होती. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरबानाना टिपणीस, गंगाधरपंत सहस्रबुद्धे, अनंतराव चित्रे हे बाबासाहेबांबरोबर होते. परिषदेसाठी धडपडणारे रामचंद्र बाबाजी मोरे याच भागातले. डिसेंबरमधल्या दुसऱ्या परिषदेला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जागा दिली. वर्गातल्या कुठल्याही मुलाने अपराधी वाटून मान खाली घालावी, असा हा धडा नाही. "तू तेव्हा असतास तर कुणाच्या बाजूला उभा राहिला असतास?" एवढाच प्रश्न आहे.

आता वहीतलं सकाळचं वाक्य काढायला सांगा. अठराशे वर्षांपूर्वी पाणी देणं हे दान म्हणून दगडात कोरलं गेलं आणि त्याच महाडमध्ये १९२७ साली पाणी पिणं हा गुन्हा ठरला. असं का झालं असेल? उत्तर तुम्ही देऊ नका. मुलांना बोलू द्या.

शेवटी संविधान. २६ जानेवारी १९५० पासून लागू झालेल्या आपल्या संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, विहिरी, तळी, स्नानघाट यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तिथे धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कुणालाही अडवता येणार नाही. देशाच्या एवढ्या मोठ्या कायद्यात तळं आणि खानावळ का लिहावी लागली, ते या काठावर उभं राहिलं की चौथीच्या मुलालाही समजतं.

डबा : इथेच खरी परीक्षा

पहिल्या वर्षी सहलीच्या आदल्या दिवशी एका पालकांचा फोन आला. "बाई, आमची मुलगी तिचाच डबा खाईल. सगळ्यांत मिसळून जेवायला लावू नका." मी गडबडले. आधी राग आला, मग भीती वाटली. चवदार तळ्यावर मुलांना नेणार आणि डबा मात्र वेगवेगळा खाऊ देणार? पण जबरदस्ती केली असती तर ती मुलगी सहलीलाच आली नसती.

खूप विचार करून मला एक फरक सापडला. तो इथे सांगते, कारण बहुतेक शिक्षकांना कधी ना कधी याची गरज पडते. काय खायचं, ही निवड आहे. कुणाबरोबर किंवा कुणाच्या हातचं खायचं नाही, ही वेगळी गोष्ट आहे. कुणी मासे खात नाही, कुणाचा गुरुवार असतो, कुणाला शेंगदाणे चालत नाहीत. या सगळ्याचा मान राखलाच पाहिजे. पण पंगत एकच असली पाहिजे.

म्हणून तेव्हापासून आमची पद्धत अशी :

- तळ्याजवळ सावलीची, परवानगी घेतलेली जागा बघून एकच मोठं गोल करायचं. जागा चिठ्ठ्या टाकून ठरवायच्या.
- प्रत्येकाने आपल्या डब्याची ओळख करून द्यायची : पदार्थाचं नाव, कुणी केला, त्यातलं एखादं पीक कुठून आलं.
- शाकाहारी आणि मांसाहारी पदार्थांचे चमचे वेगळे. कुणी कुणाला आग्रह करायचा नाही, कुणी कुणाच्या डब्याला नाक मुरडायचं नाही.
- पाण्याचा पिंप एकच, ओगराळं एकच. वाढायचं काम पाळीपाळीने सगळ्यांनी करायचं.

त्या दिवशी ती मुलगी गोलात बसली. तिने तिचाच डबा खाल्ला. शेजारच्या मुलाने नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी आणली होती. वर्गात तो डबा झाकून खायचा, वासावरून मुलं हसायची म्हणून. तिथे त्याने उभं राहून सांगितलं, "ही नाचणी आमच्या वरकस जमिनीतली. आजीने भाकरी केली." कुणी हसलं नाही. त्या मुलीने त्याच्याकडचं काही खाल्लं नाही, पण पिंपातलं पाणी त्याने वाढलं आणि ते ती प्यायली. घरी काय सांगितलं ते मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. पुढच्या वर्षी त्या पालकांचा फोन आला नाही, एवढंच सांगते.

शाळेत हे काम रोज करायची संधी आपल्याला असते. शालेय पोषण आहाराकडे आपण फक्त तांदळाचा हिशेब म्हणून बघतो. पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम, नोंदवही पूर्ण, झालं. पण एका रांगेत बसून एकाच पातेल्यातलं जेवणं हा त्या योजनेचा न लिहिलेला धडा आहे. मुलं कोण कुणाशेजारी बसतं, वाढायला कोण पुढे येतं आणि कुणाला बोलावलं जात नाही, हे आठवडाभर नुसतं बघा. तुम्हाला तुमच्या वर्गाचं खरं हजेरीपत्रक मिळेल.

दिवसाचा शेवट : पोपटी

चारच्या सुमारास वीरला परत. पालकांना आधीच सांगून ठेवायचं. शाळेमागच्या मोकळ्या शेतात पोपटी लावायची. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी. ज्यांना चालतं त्यांच्यासाठी अंड्यांचं मडकं वेगळं. तोंड पाल्यानेच गच्च बंद करून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा, सुकी पानं, काटक्या रचून जाळ करायचा. साधारण अर्धा तास. मडक्यावर पाण्याचा शिपका मारल्यावर चर्र होऊन तो लगेच सुकला की पोपटी झाली.

इथे विज्ञानाचा प्रश्न : "आपण पाण्याचा थेंबही घातला नाही, मग शेंगा शिजल्या कशा?" शेंगांतली आणि पाल्यातली ओल वाफ होते, मडक्यात कोंडते आणि त्या वाफेवर सगळं शिजतं. (जाळाजवळ फक्त मोठी माणसं. मुलं दोरीच्या रेषेबाहेर.)

पोपटी ताटात वाढत नाहीत. मडकं पालथं करून पसरायचं आणि सगळ्यांनी भोवती बसून हातानेच खायचं. दुपारी जे नियम करून घडवावं लागलं, ते संध्याकाळी आपोआप होतं.

दुसऱ्या दिवशीचं काम

'आमची सहल' हा निबंध नको. त्याऐवजी तीन प्रश्न द्या :

१) काल पाहिलेल्या तीन ठिकाणी पाणी कुणी दिलं, कुणी अडवलं, कुणी मिळवलं?

२) घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला विचारा : तुम्ही लहान असताना गावात पाणवठे किती होते? सगळे सगळीकडे पाणी भरायचे का?

३) तुमच्या डब्यातला एक पदार्थ निवडा आणि तो किती लांबून आला ते लिहा.

दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं वर्गात मोठ्याने वाचून घेऊ नका. ती तुमच्यापुरती ठेवा. काही मुलांच्या आजी-आजोबांनी जे सांगितलं असतं, ते वाचून आपल्यालाच खाली बसावंसं वाटतं.

पालकहो, तुम्हालाही एक विनंती. क्षेत्रभेटीसाठी शाळेची वाट बघू नका. एखाद्या रविवारी बाजाराला जाताना मुलांना तळ्यावर न्या, दहा मिनिटं बसा. त्यांनी प्रश्न विचारला तर माझ्यासारखं "मोठं झाल्यावर कळेल" म्हणू नका. प्रश्न विचारण्याइतकी ती मोठी झालेलीच असतात.

तुमच्या गावातही असा एखादा पाणवठा, एखादी बाजारपेठ असेलच. तिथून सुरुवात करा आणि काय सापडलं ते जरूर कळवा.